हरणाऱ्याचे काय?

आमच्या शाळेतील नववीचा एक मुलगा जिल्हास्तरीय शालेय ज्युदो स्पर्धेला गेला होता. त्याने वर्षभर मेहनत केली होती. पण पहिलीच लढत अर्ध्या मिनिटात संपली. प्रतिस्पर्ध्याने त्याला उचलून असे पाठीवर आपटले, की पंचांनी लगेच ‘इप्पोन’ दिला. इप्पोन म्हणजे पूर्ण गुण. तो मिळाला की लढत तिथेच संपते.

दुसऱ्या दिवशी वर्गातील काही मुले त्याला हसली. त्याचे अब्बा मला म्हणाले, “सर, अर्ध्या मिनिटासाठी दोन दिवसांचा अभ्यास का बुडवायचा?”

त्यांची काळजी रास्त होती. बुडालेला अभ्यास भरून काढण्यास मुलाला मदत करणे हे आम्हा शिक्षकांचे कामच आहे. तरीही मला वाटते, की मुलांनी स्पर्धेला जायलाच हवे.

साधा हिशेब करा. एका वजनगटात १६ खेळाडू असतील, तर न हरता एकच जण परततो. उरलेले १५ जण कुठे ना कुठे हरतात. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा प्रत्येक पायरीवर हेच घडते. मग स्पर्धा फक्त त्या एकासाठीच असते का?

शाळेत आपण रोज त्याच जोडीदाराशी सराव करतो. त्याचे डाव आपल्याला पाठ झालेले असतात. स्पर्धेत मात्र अनोळखी हात आपली कॉलर पकडतो, तेव्हा आपली पकड किती कच्ची आहे हे कळते. वरच्या पायरीवर गेले की आणखी एखादी उणीव कळते. हे शाळेच्या चार भिंतींत कळत नाही.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये ज्युदोची सुरुवात केली. या खेळात नवख्याला आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे घ्यायची आणि पडताना हाताने गादीवर जोरात थाप मारायची, म्हणजे डोके आपटत नाही. ज्याला पडण्याची भीती उरत नाही, तोच मोकळेपणाने लढतो.

मणिपूरच्या सुशीला देवी यांचेच पाहा. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ४८ किलो वजनगटात रौप्यपदक मिळवले. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोसाठी भारतातर्फे त्या एकट्याच होत्या. तिथे पहिल्याच लढतीत त्या हरल्या. पण त्यांनी खेळ सोडला नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी पुन्हा रौप्यपदक पटकावले.

काही मुले केवळ परीक्षेतील सवलतीच्या गुणांसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी नाव नोंदवतात. सराव न करता गादीवर उतरणे योग्य नाही. त्यात दुखापतीचा धोका असतो आणि शिकायलाही काही मिळत नाही.

आमचा तो विद्यार्थी आठवडाभर सरावाला आला नाही. मग एके दिवशी येऊन म्हणाला, “सर, त्याने माझी बाही कशी धरली होती, ते मला आठवलंय. त्यातून सुटायचं कसं, ते दाखवा ना.” अर्ध्या मिनिटाच्या लढतीने त्याला हा प्रश्न दिला होता.

मुलांनो, स्पर्धेसाठी नावे मागवली जातील तेव्हा मागे राहू नका. आणि कोणी हरून परत आला, तर त्याला हसू नका. “तिथे काय शिकलास?” असे विचारा.