आईसाठी घेतलेले घर आणि त्याचे दोन मथळे

2018 साली 'डेली मेल'ने मँचेस्टर सिटीच्या दोन तरुण फुटबॉलपटूंच्या घरखरेदीच्या बातम्या दिल्या. पहिली तोसिन अदाराबिओयो या कृष्णवर्णीय बचावपटूची. तिच्या मथळ्यात त्याचे वय 20, आठवड्याचा पगार 25 हजार पौंड, घराची किंमत साडेबावीस लाख पौंड, एवढे सगळे होते. आणि प्रीमियर लीगच्या एकाही सामन्यात सुरुवातीच्या अकरा जणांत न खेळताही त्याने हा खर्च केला, असेही वाचकाला आवर्जून सांगितले होते. दुसरी बातमी फिल फोडेन या गोऱ्या खेळाडूची. सिटीच्या या उगवत्या ताऱ्याने आईसाठी 20 लाख पौंडांचे नवे घर घेतले, एवढाच तिचा मथळा. पगाराचा आकडा नाही, मैदानावरच्या अनुभवाचा हिशेब नाही. वास्तविक फोडेनही तोवर प्रीमियर लीगचा एकही सामना सुरुवातीपासून खेळलेला नव्हता. ती संधी त्याला एप्रिल 2019 मध्ये कार्डिफविरुद्ध मिळाली. म्हणजे अदाराबिओयोच्या मथळ्यातला सगळ्यात बोचरा तपशील फोडेनलाही तंतोतंत लागू होता. तो फक्त एकाच्याच नावापुढे छापला गेला.

हे दोन मथळे शेजारी शेजारी ठेवून जगाला दाखवले ते त्यांचाच संघसहकारी रहीम स्टर्लिंगने. आदल्या दिवशी, म्हणजे 8 डिसेंबर 2018 रोजी, स्टॅमफर्ड ब्रिजवर चेल्सीविरुद्धच्या सामन्यात चेंडू आणायला तो सीमारेषेजवळ गेला, तेव्हा प्रेक्षकांतून त्याच्यावर शिव्यांचा भडिमार झाला. चेल्सीने पुढे चौकशी करून एका प्रेक्षकावर आजीवन बंदी घातली. पण दुसऱ्या दिवशी इन्स्टाग्रामवर लिहिताना स्टर्लिंगने त्या प्रेक्षकांबद्दल फारसे काही म्हटलेच नाही. दोघांनीही आपापल्या आईसाठीच घर घेतले आणि वृत्तपत्राने एकाला उधळ्या तर दुसऱ्याला गुणी मुलगा ठरवले, अशाच बातम्या वंशद्वेषाला खतपाणी घालतात, असे त्याचे म्हणणे होते. ते मला पूर्णपणे पटते. या अन्यायावर बोट ठेवणे कठीण जाते, कारण दोन्ही मथळ्यांतली माहिती खरी आहे. अन्याय होतो तो कोणते खरे सांगायचे आणि कोणते गाळायचे हे ठरवताना, आणि तिथे खुलासा मागायला जागाच उरत नाही.

स्टर्लिंगला हे शिकायला दुसऱ्याच्या उदाहरणाची गरज नव्हती. त्याचा जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा. तो 2 वर्षांचा असताना त्याच्या वडिलांची गोळ्या घालून हत्या झाली. आई आधी इंग्लंडला गेली, मग वयाच्या पाचव्या वर्षी तोही लंडनला आला. स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी आई हॉटेलात साफसफाई करी, आणि शाळेआधी पहाटे पाचला उठून तो आणि त्याची बहीण तिच्याबरोबर तिथली शौचालये घासायला जात. हे त्याने स्वतःच लिहिले आहे. अशा मुलाने पैसा हाती येताच आईला मोठे घर घेऊन द्यावे, यात आपल्याकडच्या कोणत्याही कुटुंबाला वावगे वाटणार नाही. 27 जून 2016 रोजी युरो स्पर्धेत आइसलँडने इंग्लंडला 2-1 असे हरवले. लागलीच 'द सन'ने त्याने आईसाठी घेतलेल्या घराच्या व्हिडिओवरून स्टर्लिंगला 'ओंगळ' ठरवले. स्नानगृहातल्या खड्यांनी मढवलेल्या बेसिनचीही बातमी झाली. संपूर्ण संघ हरला होता, इंग्लंडला मिळालेली पेनल्टी स्टर्लिंगला पाडल्यामुळेच मिळाली होती, पण पराभवाला चेहरा हवा होता आणि तो आधीच तयार होता. फोडेनचे कौतुक आईसाठी घर घेतले म्हणून झाले, हे समर्थन इथे गळून पडते. स्टर्लिंगनेही आईसाठीच घेतले होते.

त्याच काळात त्याने स्वस्त विमान कंपनीचे तिकीट काढले, स्वस्त दुकानात खरेदी केली, याच्याही बातम्या झाल्या. लाखो पौंड कमावणारा इतका चिकट कसा, हा त्यांचा सूर. खर्च केला तर दिखाऊ, नाही केला तर कंजूष. ज्या माणसाला बरोबर वागण्याची एकही वाट शिल्लक ठेवलेली नाही, त्याच्याबाबतीत याला वर्तनाची चिकित्सा म्हणताच येत नाही. आणि अशी प्रत्येक बातमी पुढच्या बातमीची साक्षीदार बनते. 'वादग्रस्त' हे विशेषण एकदा नावाला चिकटले की पुढच्या वेळी वाद शोधावा लागत नाही.

मे 2018 मधले गोंदणाचे प्रकरण याचा कळस होता. विश्वचषकाच्या तोंडावर स्टर्लिंगच्या उजव्या पायावर एम-16 रायफल गोंदलेली दिसली आणि टॅब्लॉइडच्या पहिल्या पानावर गहजब झाला. लंडनमध्ये तरुण मुले हिंसाचाराला बळी पडत असताना, त्यांच्या आयांना ते चित्र पाहून यातना झाल्या असतील तर ते मी समजू शकतो. त्यांची वेदना खोटी नव्हती. पण पहिल्या पानाने जे सुचवले ते वेगळे होते. कृष्णवर्णीय तरुण आणि बंदूक, एवढ्यावर अर्थ लावून मोकळे होणे. वडील गोळीबारात गेल्यामुळे आयुष्यात कधी बंदुकीला हात लावणार नाही अशी शपथ आपण घेतली आहे, आणि गोल ज्या पायाने मारतो त्या उजव्या पायावर ती गोंदण्यामागे हा अर्थ आहे, असे स्टर्लिंगने सांगितले. पण ते सांगण्याची वेळ त्याच्यावर आली तोवर वादळ उठून गेले होते. बापाच्या खुनाची गोष्ट 23 वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बचावाचा पुरावा म्हणून चव्हाट्यावर मांडावी लागली, याची लाज त्या संपादकांना वाटायला हवी होती.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की स्टर्लिंग काही धुतल्या तांदळासारखा नाही. खरे आहे. 2015 मध्ये आपल्या तेव्हाच्या लिव्हरपूल क्लबचा आठवड्याला 1 लाख पौंडांचा करार नाकारल्यावर क्लबला न विचारता त्याने बीबीसीला मुलाखत दिली, हे अपरिपक्वपणाचे होते. त्यानंतर लगेच हुक्का ओढतानाची त्याची छायाचित्रे आली. नोव्हेंबर 2018 मध्ये शाख्तारविरुद्ध जमिनीला पाय अडखळून तो पडला आणि पेनल्टी मिळाली; त्याबद्दल त्याने नंतर माफी मागितली. नोव्हेंबर 2019 मध्ये इंग्लंडच्या सराव शिबिरात संघसहकारी जो गोमेझच्या अंगावर धावून गेल्याने पुढच्या सामन्यातून त्याला वगळले गेले, आणि ते योग्यच झाले. ऑक्टोबर 2015 ते ऑक्टोबर 2018 अशी 3 वर्षे इंग्लंडसाठी त्याचा एकही गोल नव्हता, त्यावरची टीकाही न्याय्य होती. या चुकांवर झोडपण्याचा वृत्तपत्रांना हक्क आहे, आणि तो त्यांनी वापरावाच. पण आईचे घर, स्वस्त तिकीट आणि वडिलांची आठवण या यादीत बसत नाहीत, आणि हुक्क्याचा डाग दाखवून त्यांवरच्या बातम्यांचे समर्थन करता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ब्रिटिश टॅब्लॉइडनी गोऱ्या खेळाडूंनाही सोडलेले नाही. 1998 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध लाल कार्ड मिळाल्यावर डेव्हिड बेकहॅमचा पुतळा लंडनमधल्या एका पबबाहेर फासाला लटकवला गेला. पॉल गॅसकॉइन आणि वेन रूनी यांच्या वाट्याला तर कामगार वस्तीतून येऊन श्रीमंत झाल्याची कुचेष्टाही आली. म्हणजे इथे वर्गाचा तिटकाराही काम करतो, हे मान्यच करायला हवे. पण म्हणून तर अदाराबिओयो आणि फोडेनची जोडी इतकी मोलाची ठरते. एकच क्लब, एकाच अकादमीत लहानाचे मोठे झालेले, एकाच शहराच्या परिसरातले, जवळपास सारख्या किमतीची घरे. बाकीचे घटक इतके सारखे असताना जे वेगळे उरते, त्याकडे डोळेझाक करता येत नाही. शिवाय बेकहॅमवरचे वादळ एका लाल कार्डातून उठले होते, गोमेझ प्रकरणासारख्या खऱ्या कृत्यातून. विमानाच्या तिकिटातून नव्हे.

दोन मथळे दोन वेगळ्या उपसंपादकांनी दिले असतील, कुणाच्या मनात पाप नसेल, असेही म्हटले जाते. शक्य आहे, आणि तसे असेल तर दुखणे जास्त खोल आहे. 2020 मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेबरोबर 'रनरिपीट' या कंपनीने 80 सामन्यांचे समालोचन तपासले. गोऱ्या खेळाडूंची स्तुती बुद्धी आणि मेहनतीसाठी, तर सावळ्या-काळ्या खेळाडूंची चर्चा ताकद आणि वेगाभोवती, असा ढळढळीत फरक त्यात दिसला. त्या समालोचकांनी ठरवून असे केले असेल असे मला वाटत नाही. सवयीने तोंडातून जे येते, तेच सवयीने मथळ्यातही उतरते. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या आचारसंहितेत वंशावरून हिणकस उल्लेख टाळण्याचे कलम आहे. पण ज्या मथळ्यात वंशाचा उल्लेखच नाही, तिथे हे कलम हतबल होते.

माध्यमे म्हणजे एकजिनसी शत्रू, असे मात्र मी म्हणत नाही. एप्रिल 2019 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकार संघटनेने वर्षातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून ज्याला निवडले, तो स्टर्लिंगच होता. दर आठवड्याला त्याचा खेळ पाहून लिहिणाऱ्यांनी दिलेली ही मते होती. ज्यांनी त्याला जवळून पाहिले त्यांना तो कळला. घराची किंमत आणि गोंदण ज्यांच्या टेबलावर पोहोचले, ते बहुधा खेळाच्या पानाचे लोक नव्हते. खेळावरून त्याला जोखणारे चुकले नव्हते, हे पुढेही दिसले. युरो 2020 मध्ये गटसाखळीत इंग्लंडने 2 गोल केले, दोन्ही स्टर्लिंगचे. मग जर्मनीविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. त्या स्पर्धेआधी त्याला संघातून वगळावे अशी मागणी जोरात होती.

स्टर्लिंगचे लाखो चाहते आहेत, त्याचा शब्द जगभर पोहोचतो. अदाराबिओयोकडे 2018 मध्ये त्यातले काहीच नव्हते. ज्याचा खेळ लोकांनी अजून पाहिलेला नाही, त्याची ओळख त्यांना अशाच मथळ्यातून होते. आणि हे मथळे इंग्लंडपुरते राहत नाहीत. प्रीमियर लीगचा प्रेक्षक मुंबई-पुण्यातही आहे आणि ब्रिटिश टॅब्लॉइडच्या बातम्या भाषांतर होऊन तासाभरात इथल्या मोबाइलवर, इथल्या संकेतस्थळांवर येतात. तेव्हा रात्रपाळीच्या उपसंपादकाने मजकूर मराठीत आणताना मथळाही जसाच्या तसा उचलू नये. खेळाडूच्या नावाच्या जागी दुसऱ्या खेळाडूचे नाव घालून तो एकदा वाचावा. तेव्हा खटकणारा आकडा किंवा विशेषण असेल, तर ते काढूनच पान सोडावे.