साक्षीदार कोणाच्या पदरी होता?

नवव्या-दहाव्या शतकांतल्या पोपांचा विषय निघाला की भल्याभल्यांची लेखणी चेकाळते. पोप सहाव्या स्टीफनने इ.स. ८९७ मध्ये मृत पोप फॉर्मोससचे प्रेत उकरून, त्याला पोपची वस्त्रे चढवून त्याच्यावर खटला चालवला. पुढे ते प्रेत तायबर नदीत फेकले गेले. त्याच वर्षी स्टीफनचाही तुरुंगात गळा घोटण्यात आला. हे सारे खरेच आहे. माझा आक्षेप आहे तो यापाठोपाठ हटकून येणाऱ्या निष्कर्षाला: थिओडोरा आणि तिची मुलगी मारोझिया या स्वैर स्त्रियांनी पोपपद नासवले.

या आरोपाचा मुख्य साक्षीदार कोण? क्रेमोनाचा बिशप लिउतप्रांद. तो सम्राट पहिल्या ओटोच्या पदरी होता. मारोझियाचा नातू पोप बारावा जॉन याने ९६२ मध्ये ओटोला सम्राटपदाचा मुकुट घातला आणि पुढच्याच वर्षी ओटोने बोलावलेल्या धर्मसभेने जॉनलाच पदच्युत केले. त्या सभेत ओटोचे म्हणणे लॅटिनमध्ये मांडले ते याच लिउतप्रांदने. मारोझियाचे घराणे जितके बदनाम, तितकी ओटोची ढवळाढवळ न्याय्य! शिवाय प्रेतावरच्या खटल्याचे खापर तो चक्क तिसऱ्या सर्जियसच्या माथी मारतो. जगजाहीर घटनेत अशी गफलत करणारा साक्षीदार शयनगृहातल्या वार्तांबाबत मात्र प्रमाण कसा?

मारोझियाला धुतल्या तांदळासारखी ठरवण्याचा माझा हेतू नाही. ९२८ मध्ये तिने पोप दहाव्या जॉनला कैदेत टाकले आणि तो कैदेतच मेला. पण ९३२ मध्ये तिला उलथून टाकणारा तिचाच मुलगा आल्बेरिक बावीस वर्षे रोमचा धनी होता आणि पोप त्याच्याच मर्जीने निवडले जात. आईने केले ते व्यभिचाराचे राज्य, मुलाने केले ते राजकारण! पुढे जर्मन प्रोटेस्टंट विद्वानांनी या कालखंडाला 'गणिकाराज्य' अशा अर्थाचे नाव दिले, तेही कॅथलिक चर्चशी असलेल्या भांडणात हत्यार म्हणून.

पोपपद हे रोममधल्या सरदार घराण्यांच्या आणि इटलीवर डोळा असलेल्या राजांच्या झुंजीतले बक्षीस झाले होते. रक्तपाताचे मूळ तिथे आहे. कादंबरी शिकवताना 'निवेदक कोण, तो कोणाच्या बाजूचा?' असे आपण विद्यार्थ्यांना दहादा विचारतो. इतिहासाचे पान उघडताच हा प्रश्न आपण गिळून टाकणार असू, तर आपली समीक्षा केवळ परीक्षेपुरती आहे.