श्रवणाची निवड

बदली होऊन बंगळुरूस आलेल्या मराठी कर्मचाऱ्याचा बराच वेळ वाहतुकीच्या कोंडीत जातो. पॉडकास्ट ही अशा वेळी उत्तम सोबत ठरते. परंतु ऐकावे काय, हा प्रश्न उरतोच. ॲपलने जून २००५ मध्ये आयट्यून्सवर पॉडकास्टची सूची उपलब्ध करून दिली, तेव्हा तीत सुमारे ३,००० कार्यक्रम होते. आज अशा सूचींत त्यांची संख्या लाखोंच्या घरात आहे.

सूचीच्या अग्रभागी झळकते ते लोकप्रिय असते. ते प्रत्येकाच्या उपयोगाचे असेलच असे नाही. म्हणून तेथेच न थांबता विषय, भाषा आणि शहर यांच्या नावाने शोध घ्यावा. मग डोमलूर येथील बंगलोर इंटरनॅशनल सेंटरचे ‘बीआयसी टॉक्स’ गवसते, कन्नड गप्पांच्या ‘तले-हरटे’चे भाग हाती लागतात. आरंभी सारे शब्द कळत नाहीत. पण कानाला वळण लागते आणि खिडकीपाशी आलेल्या वृद्ध ग्राहकाचे कन्नड बोलणे हळूहळू परके वाटेनासे होते.

कोणत्याही कार्यक्रमाचे दोन-तीन भाग ऐकावेत. न रुचल्यास तो निःसंकोच सोडावा. ठेव ठेवताना माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. वेळेच्या बाबतीत तर ती अधिकच हवी, कारण खर्ची पडलेला वेळ व्याजासह परत मिळत नाही.