कॉफीवाले थेट परदेशात विकतात, मग डाळिंबवाले का नाही? वेबसाइट सोपी आहे, अडतंय दुसरीकडे

मार्च २०२५ मध्ये भगवा डाळिंबाचे ४,६२० खोके, म्हणजे साधारण १४ टन माल, जहाजाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहोचले. समुद्रमार्गे अमेरिकेत गेलेली भारतीय डाळिंबाची ही पहिली व्यावसायिक खेप, असं तेव्हा अपेडाने जाहीर केलं. प्रवास पाच आठवड्यांचा, तरी माल चांगला उतरला. त्याआधी जानेवारीत ऑस्ट्रेलियालाही जहाजानेच माल पोहोचला होता. विमानाचं भाडं परवडत नाही म्हणून जे बाजार बंद होते, ते आता उघडताहेत.

अहिल्यानगरकरांनी या बातमीकडे जरा जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. भगवा ही जातच आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली. राहाता, संगमनेर, श्रीगोंदा या पट्ट्यात तिच्या बागा आहेत. तरी बहुतेक फळ राहात्याच्या मोंढ्यावर कॅरेटमध्ये जातं, लिलाव होतो आणि संध्याकाळी पट्टी हातात पडते. फळ पुढे दिल्लीला गेलं की दुबईला, हे शेतकऱ्याला कळत नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे गावाकडून एक प्रश्न हमखास येतो. माझ्या मामेभावाने मध्यंतरी एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक कॉफी उत्पादक युरोपातल्या रोस्टरला, म्हणजे कच्च्या बिया घेऊन भाजून विकणाऱ्याला, ऑनलाइन माल विकतो. खाली मेसेज: "दादा, आपण पण अशी वेबसाइट करू ना." वेबसाइट दोन शनिवार-रविवारात होईल. पण कॉफीवाल्याचं काम वेबसाइटमुळे झालेलं नाही.

कॉफीत नेमकं काय जमलं?

स्वित्झर्लंडच्या अल्ग्रानोसारखे प्लॅटफॉर्म बघा. उत्पादक आपल्या मळ्याची माहिती टाकतो: उंची किती, जात कोणती, बी कसं वाळवलं. रोस्टर नमुना मागवतो, पाव-अर्धा किलो बी कुरिअरने जातं. तो ते भाजतो, चाखतो, शंभरपैकी गुण देतो. ८० च्या वर गुण पडले की ती 'स्पेशालिटी' कॉफी, आणि हे मोजमाप जगभरचे लोक मानतात. त्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन माणसांचा सौदा होऊ शकतो. शिवाय हिरवं बी नीट ठेवलं तर कित्येक महिने टिकतं. आज भाव पटला नाही तर पुढच्या महिन्यात विका. रोस्टर लहान असेल तर पाच-दहा पोती घेतो, आणि पाकिटावर मळ्याचं नाव छापतो कारण त्याच्या गिऱ्हाइकाला ती गोष्ट हवी असते.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत नव्हती. भारतात कॉफी उत्पादकाला आपलं पीक हवं त्याला विकायची मुभा १९९० च्या दशकात, टप्प्याटप्प्याने मिळाली. त्याआधी माल कॉफी बोर्डाकडे जमा करावा लागायचा. म्हणजे आधी नियम बदलला, ॲप नंतर आलं. (महाराष्ट्रातली कॉफी म्हणाल तर अमरावतीच्या चिखलदऱ्यात आहे, आपल्याकडे नाही.)

डाळिंबाला रोस्टर नाही

आता हेच डाळिंबाला लावून बघा. नमुन्याचं एक फळ पाठवलं तर त्यावरून बाकीच्या १४ टनांबद्दल काय कळणार? आकार, रंग, गोडी मोजता येते, पण माल उतरेल तेव्हा तो कसा असेल हे नमुना सांगत नाही. समोरचा गिऱ्हाईक छोटा दुकानदार नसतो, आयातदार असतो, आणि त्याला रेफ्रिजरेटेड कंटेनर भरून माल लागतो. दोन-तीन एकरांच्या बागेत एकाच तोडणीला, एकाच आकाराचं, तेल्याचा डाग नसलेलं एवढं फळ कुठून आणणार?

पैशाचं तर त्याहून अवघड. ताज्या फळाचा बराच व्यापार माल तिकडे विकला गेल्यावर हिशेब, या पद्धतीने चालतो. पाच आठवड्यांनी आयातदार फोटो पाठवतो, "वीस टक्के माल खराब निघाला." तुम्ही राहात्यात, फळ अमेरिकेत, तपासणार कोण? कॉफीचं पोतं परत तरी मागवता येईल, डाळिंबाचं तेही नाही. म्हणून थेट विक्रीच्या गोष्टींत मला आधी कळीचा वाटतो तो करार: आगाऊ रक्कम किती, आणि माल खराब ठरवायचा अधिकार कोणाचा.

माहिती तर आधीच तयार आहे

मला सगळ्यात रोचक वाटतो तो भाग आता. कॉफीवाला जी माहिती प्लॅटफॉर्मवर टाकतो, तीच, किंबहुना जास्त, निर्यातीच्या डाळिंबाची गोळा होतेच. अपेडाची हॉर्टीनेट नावाची ट्रेसेबिलिटी प्रणाली आहे. द्राक्षासाठी ग्रेपनेट आलं, मग त्याच धर्तीवर डाळिंबासाठी अनारनेट. कृषी खात्याकडे बागेची नोंद होते, प्लॉटला क्रमांक मिळतो, तपासणी होते, फवारणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात, प्रयोगशाळेत रेसिड्यू तपासला जातो. नोंदणीचा अर्ज अपेडाच्या फार्मर कनेक्ट या मोबाइल ॲपवरूनही करता येतो.

इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर हे तयार प्रॉडक्ट पेज आहे. गाव, प्लॉट, जात, फवारणी, लॅब रिपोर्ट, सगळं एका क्रमांकाला जोडलेलं. पण ही साखळी उभी केली ती युरोपात माल अडकला तर तो कोणत्या बागेतला हे शोधायला. बागेचं नाव गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणं हा तिचा हेतूच नव्हता. त्यामुळे तिकडच्या दुकानात खोक्यावर ब्रँड दिसतो तो निर्यातदाराचा. मी पाहिलेल्या बागांत शेतकऱ्याकडे नोंदणीचा कागद आणि पट्टी एवढंच असतं. लॅब रिपोर्टची प्रतसुद्धा नसते.

हे फुकटात बदलता येतं. रिपोर्टची पीडीएफ मागून घ्या, प्लॉट तुमचा आहे. प्रत्येक फवारणीचा तारखेसह फोटो काढा: औषधाची बाटली, बॅच नंबर, किती पाण्यात किती मिली. लोकेशन चालू ठेवा. एक साधी गुगल शीट पुरे. पुढच्या हंगामात दुसऱ्या निर्यातदाराशी बोलताना "माल चांगला आहे" म्हणण्याऐवजी दोन वर्षांची नोंद दाखवता आली, तर बोलणी वेगळी होतात. फळ काढणीला आल्यावर यासाठी धावून उपयोग नाही. गेलेल्या फवारणीचा फोटो मागे जाऊन काढता येत नाही.

कागद ऑनलाइन झाले, जोखीम नाही

परवाने आता खरंच सोपे आहेत. आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, डीजीएफटीच्या साइटवर ५०० रुपयांत घरबसल्या मिळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ट्रेड कनेक्ट नावाचा प्लॅटफॉर्म सुरू केला, नवख्या निर्यातदाराला माहिती आणि दूतावासांशी संपर्क मिळावा म्हणून. यूट्यूबवरचे "घरबसल्या एक्सपोर्ट"वाले इथपर्यंतच सांगतात आणि कोर्स विकतात.

पुढचं ऐका. अमेरिकेला फळ पाठवायचं तर ते विकिरण केंद्रातून जावं लागतं. पणन मंडळाचं असं केंद्र वाशीला आहे. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा कागदपत्रांतल्या त्रुटीवरून अमेरिकेने विमानतळांवरच नाकारल्या. परत आणण्याचा खर्च मालापेक्षा जास्त, म्हणून निर्यातदारांनी तो तिकडेच नष्ट केला. नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचं होतं. मोठा निर्यातदार असा फटका कसाबसा सोसतो. पाच एकरवाला थेट विक्रेता सोसेल?

आणि नियम. आपल्या जिल्ह्याला हे कांद्याने शिकवलंय. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरपासून सरळ बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्के झालं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. वीस महिन्यांत सहा बदल. घोडेगाव किंवा नेप्तीच्या बाजारातल्या एखाद्याने व्हॉट्सॲपवर दुबईचा गिऱ्हाईक जोडला असता, तर ८ डिसेंबरला त्याला काय सांगितलं असतं? गिऱ्हाईक थांबत नाही, तो पाकिस्तानचा कांदा घेतो. कॉफीलाही परदेशी शुल्काची झळ बसते: ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. पण नोव्हेंबरमध्ये कॉफीला सूट मिळाली, कारण ती तिकडे फारशी पिकत नाही आणि महागली की त्यांचेच लोक ओरडतात.

मग करायचं काय? एकट्याने थेट विकायचा नाद तूर्त सोडावा, असं माझं मत आहे. वीस-तीस नोंदणीकृत बागांची शेतकरी उत्पादक कंपनी, तिचा स्वतःचा आयईसी, आणि पॅकिंग-जहाजाचं काम निर्यातदाराकडे ठरलेल्या शुल्कावर, मालकी कंपनीकडे. सुरुवात अमेरिकेपासून नको, आखाती देशांपासून करा. अंतर कमी, कंटेनर अडकला तर कळायला पाच आठवडे लागत नाहीत. आणि पहिल्या मेलपासून एक पथ्य पाळा: गिऱ्हाइकाच्या किंवा तुमच्या बँक खात्याचा नंबर बदलल्याचा मेल आला की फोन करून, आवाज ओळखून खात्री करा. निर्यातीतली फसवणूक बऱ्याचदा फळात नसते, इनबॉक्समध्ये असते.