व्हिसाचा अर्ज आणि घराचा हिशेब

चाकण परिसरात २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून पिंपरी-चिंचवडच्या घरांत जर्मनीचे नाव नवखे राहिले नाही. अमेरिकेचे तर त्याआधीपासूनच ओळखीचे होते. मुले तिकडे स्थिरावली की आई-वडिलांना आणि धाकट्या भावाच्या कुटुंबाला बोलावणे येते, आणि सारे घर अर्जाच्या तयारीला लागते.

प्रवास कुटुंबाचा असला, तरी अर्ज व्यक्तीचा असतो. अमेरिकेसाठी तान्ह्या बाळाचाही डीएस-१६० अर्ज स्वतंत्र भरावा लागतो, आणि प्रत्येकी १८५ डॉलर शुल्क नकार मिळाला तरी परत येत नाही. शेंगेन देशांचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. त्याहून लहानांना माफ. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. मुलाची भेट घ्यायला जाताना घरच्या सर्वांची मुदत, कारण आणि पत्ता सर्व अर्जांत जुळला पाहिजे. सासऱ्यांच्या अर्जात दोन महिने आणि सुनेच्या अर्जात तीन आठवडे असतील, तर त्याचे कारण सांगता आले पाहिजे.

सर्वाधिक गफलत होते ती बँकेच्या कागदांत. भोसरीतील एखाद्या लघुउद्योजकाची सारी उलाढाल पेढीच्या चालू खात्यातून होते. वैयक्तिक बचत खात्यात महिनाअखेर फारसे काही उरत नाही. मग कोणीतरी सुचवतो की मेहुण्याकडून सहा लाख घेऊन महिनाभर खात्यात ठेवावेत. उताऱ्यात शिल्लक जशी दिसते, तशीच रक्कम जमा झाल्याची तारीखही दिसते. सहा महिने जेमतेम रकमेवर चाललेले खाते अर्जाच्या आधल्या आठवड्यात फुगले, तर वाचणाऱ्याला त्यातून नेमके काय समजते, हे सांगण्यासाठी बँकेचा अनुभव लागत नाही. त्यापेक्षा पेढीचा ताळेबंद, त्यातील भागीदाराचे भांडवल खाते, जीएसटी विवरणपत्रे, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे आणि जुन्या मुदत ठेवींच्या पावत्या अधिक बोलक्या ठरतात. मात्र विवरणपत्रात वर्षानुवर्षे उत्पन्न कमी दाखवलेल्याला येथे ते वाढवून दाखवता येत नाही. बचतीच्या नावाखाली केलेली ती काटकसर अशा वेळी महागात पडते.

मुलाच्या पत्राचे महत्त्वही देशानुसार बदलते. जर्मनीत मुलगा तेथील परदेशी नागरिक कार्यालयात खर्चाची हमी देऊ शकतो. ती हमी म्हणजे खरा जामीन आहे. पाहुण्यांच्या निर्वाहावर वा उपचारांवर सरकारी पैसा खर्च झाल्यास तो हमीदाराकडून वसूल होतो. अमेरिकेत मात्र मुलाचे निमंत्रणपत्र निर्णायक नसते. तेथील कायद्याच्या कलम २१४(ब) नुसार अर्जदार कायमचाच राहायला निघाला आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. चालू धंदा, येथे शिकणारी मुले, वृद्ध आई यांचे वजन तेथे पडते.

काही मध्यस्थ लेकीच्या बाळंतपणाची गोष्ट लपवून नुसते ‘पर्यटन’ लिहायला सांगतात. लेकीला भेटायला जाणे हे बी-२ व्हिसात बसणारे कारण आहे. मग ते लपवायचे कशासाठी? महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर अमेरिकेची दारे जन्मभर बंद होऊ शकतात. साधा नकार मिळालेल्याला पुन्हा अर्ज करता येतो, हे अशा वेळी आठवावे.

जुन्या पिढीत आणखी एक अडचण निघते. एकाच्या पारपत्रावर आडनाव ‘जैन’, पत्नीच्या पारपत्रावर घराण्याचे, आणि लग्नाचा दाखला तर कोणी काढलेलाच नसतो. जुन्या लग्नाची नोंद आजही महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात करता येते. हे काम मुलाखतीची तारीख मिळण्याआधीच उरकलेले बरे.

मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मराठीतूनही मुलाखत देता येते. तरी मुले आई-वडिलांकडून इंग्रजी वाक्ये घोकून घेतात, आणि खिडकीपलीकडून प्रश्न निराळ्या शब्दांत आला की पाठांतर तेथेच अडते. मुलगा काय काम करतो, किती दिवस राहणार, तोवर येथे दुकान कोण उघडणार, याची उत्तरे त्या माउलीला कोणी शिकवावी लागत नाहीत.