दीड तासाचे विमान, साडेसहा तासांचा प्रवास

वाचकहो, एकेकाळी विमानाचा आवाज आला की आपल्या वस्तीतली पोरे आभाळाकडे पाहून हात हलवीत. आज त्याच घरांतली मुले-मुली विमानाने मुलाखतीला जातात. आनंदाचीच गोष्ट आहे. पण विमानाच्या वेळेचा हिशेब आपल्या घरांत नीट मांडला जात नाही. म्हणून या वेळी आम्ही मुंबई-नागपूर हा जिव्हाळ्याचा प्रवास घेतला आहे.

मुंबई ते नागपूर सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने तेच ८३७ किलोमीटर भरते. कारण रूळ कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असे वळणे घेत जातात. २०२५ साली पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. पण तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो, पुढची मुंबई उरतेच.

विमान भर वेगात ताशी ८०० किलोमीटर कापते. त्या हिशेबाने तास पुरावा. तरी तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ असते. धावपट्टीपर्यंत सरकणे, वर चढणे, हळूहळू उतरणे, हे सारे त्यात धरलेले असते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा जोरदार वारा असतो. म्हणून नागपूरला जाताना थोडा कमी आणि परतताना थोडा जास्त वेळ लागतो.

आता घराच्या दारापासून मोजू. उल्हासनगरहून मुंबई विमानतळ, दोन तास. सामान आणि तपासणीसाठी आधी पोचायचे, दोन तास. विमान, दीड तास. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून सामान घेऊन इंदोऱ्यातले घर, एक तास. झाले साडेसहा तास! कल्याणहून रात्रीच्या गाडीने हाच प्रवास साधारण पंधरा तासांचा. म्हणजे वाचले साडेआठ तास.

हा हिशेब दुःखाच्या प्रसंगी फार महत्त्वाचा. सकाळी मामा गेल्याचा फोन येतो. इकडून घाईत निरोप जातो, "विमानाने येतो, दीड तासात पोचतो." तिकडे माणसे मयत घेऊन ताटकळतात, म्हातारी आई दाराकडे डोळे लावून बसते. अशा वेळी आधी तिकीट हाती घ्यावे. विमान सुटण्याच्या वेळेत अडीच तास मिळवावेत आणि तीच वेळ कळवावी. घरातून मात्र चार तास आधी निघावे. सामानाचे काउंटर साधारण तासभर आधी बंद होते, मग कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो. फोटो असलेले सरकारी ओळखपत्र विसरू नये.

उलट लग्नकार्य किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन यांची तारीख आपल्याला आधीच ठाऊक असते. तेथे रेल्वेच बरी. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. रात्रीची गाडी झोपेत सरते. दुपारच्या विमानाने मात्र रोजंदारीवाल्याची हजेरी बुडते, आणि ऐनवेळचे तिकीट खिसा रिकामा करते तो वेगळाच.

विमान ही चैन नव्हे, गरजेचे साधन आहे. मुलाखत, आजारपण, अखेरचे दर्शन यांसाठी ते जरूर वापरावे. त्यासाठी घरात थोडी रक्कम बाजूला असावी, आणि निघण्याआधी बोटांवर तास मोजावेत.