न दुखणारे पाऊल

वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारातील व्यापारी दिवाळीला वहीपूजन करतो आणि मार्चअखेर ताळेबंद तपासून घेतो. एखादे येणे बुडण्याच्या वाटेवर असेल तर ते त्याला वेळीच कळते. त्याच व्यापाऱ्याला मधुमेह होऊन दहा-बारा वर्षे लोटलेली असतात. परंतु शरीराचा ताळेबंद त्याने क्वचितच काढलेला असतो. सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर बरी आली की तो निश्चिंत होतो. ती साखर म्हणजे त्या दिवशीची गल्ल्यातील रोकड होय. तिच्यावरून पेढीची स्थिती कळत नाही.

स्थिती कळते ती एचबीएवनसी या तपासणीने. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात रक्तातील साखर तिच्यातील हिमोग्लोबिनला चिकटत राहते. त्यामुळे या एका आकड्यात मागील तीन महिन्यांची सरासरी उमटते. बहुतेक प्रौढांसाठी हा आकडा सातच्या आत असावा असे मानले जाते. वृद्धांसाठी डॉक्टर तो थोडा सैल ठेवतात.

वाढलेली साखर वर्षानुवर्षे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडवते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू ही तिची पहिली लक्ष्ये होत. मोठ्या रक्तवाहिन्यांतही अडथळे निर्माण होऊन हृदय, मेंदू आणि पाय यांचा रक्तपुरवठा घटतो. हे सारे बहुधा वेदनेविना घडते, आणि खरा धोका तेथेच आहे.

पावलांच्या बाबतीत तर वेदना नसणे हाच आजार असतो. प्रारंभी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. पुढे जळजळ थांबते आणि रोगी म्हणतो, आता बरे आहे. वस्तुतः त्या वेळी संवेदना गेलेली असते. देरासरात अनवाणी जाणे, उन्हात तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालणे, पालिताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या अनवाणी चढणे हे आपल्या समाजाच्या जीवनाचे अंग आहे. संवेदना गेलेल्या पावलाला चटका कळत नाही, खडा टोचत नाही. घरी परतल्यावर मोज्यावर ओला डाग दिसतो, तेव्हा प्रथम जखमेचा पत्ता लागतो. रक्तपुरवठा कमी असल्याने ती भरत नाही, जंतुसंसर्ग हाडापर्यंत जातो आणि बोट किंवा पाऊल कापण्याची वेळ येते. अशा अनेक शस्त्रक्रिया वेळीच घेतलेल्या काळजीने टाळता आल्या असत्या.

शाकाहारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसते. दूधदुभत्यातून जे मिळते ते अनेकदा अपुरे पडते. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरील नित्याची गोळी दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषण आणखी घटते. या कमतरतेनेही पाय बधिर होतात. सारा दोष साखरेच्या माथी मारण्यापूर्वी ब-१२ तपासून घ्यावे. ही उणीव औषधाने भरून निघते.

तपाचा प्रश्न नाजूक आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना उपवास केल्यास साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर आणि बेशुद्धी येऊ शकते. चौविहार केलेल्या व्यक्तीला हे मध्यरात्री घडले तर घरातील माणसे संभ्रमात पडतात. पच्चक्खाणात आगार सांगितले आहेत; रोगाच्या प्रसंगी समाधी टिकावी यासाठीची सूटही त्यांत आहे. म्हणून पर्युषणाच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडून औषधांच्या मात्रा ठरवून घ्याव्यात आणि गुरुमहाराजांना आपली प्रकृती मोकळेपणाने सांगावी. मनाने गोळ्या बंद करणे हे तप नव्हे.

आरंभीची शिस्त पुढे किती काळ उपयोगी पडते, हे ब्रिटनमधील एका दीर्घ अभ्यासाने दाखवले. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात नव्याने मधुमेह झालेले ५,१०२ रुग्ण होते. १९९८ च्या निष्कर्षानुसार साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी आढळले. पुढे दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही दहा वर्षांनंतर, २००८ मध्ये, पहिल्या गटाचा लाभ टिकून असल्याचे दिसले. लवकर केलेली बचत व्याजासह परत मिळते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून वर्षातून एकदा, हवे तर वहीपूजनाच्या सुमारास, चार नोंदी कराव्यात. बाहुली मोठी करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन. रक्तदाब व कोलेस्टेरॉल. आणि पावलाच्या संवेदनेची परीक्षा. क्रिएटिनिन वाढते तोवर मूत्रपिंडाचे बरेच नुकसान झालेले असते. अल्ब्युमिन त्याआधी इशारा देते. तंबाखू तर पूर्ण सुटलीच पाहिजे.

पावलांचे काम मात्र रोजचे आहे. रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरातील कोणाकडून पाहून घ्यावेत. बोटांमधील जागा कोरडी ठेवावी. पाणी कोपराने अजमावूनच पाय धुवावेत. कुरूप ब्लेडने कापू नये. चामडे वर्ज्य असेल तर कॅनव्हासचे मऊ, सैल बूट वापरावेत आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. दर्शनाला ऊन चढण्यापूर्वी जावे. चालत असेल तेथे जाड कापडी मोजे घालावेत. लहानशी जखमही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

साधुसाध्वी आपली वस्त्रे-पात्रे रोज पडिलेहण करून पाहतात आणि ईर्यासमिती पाळून, पायाखाली जीव येऊ नये म्हणून, भूमीवर दृष्टी ठेवून चालतात. तीच जयणेची दृष्टी दिवसातून दोन मिनिटे आपल्या तळव्यांकडे वळवली, तर पुढच्या यात्रेलाही माणूस स्वतःच्या पायांनी जाईल.